४.१९ चा कर्नल बिल्ड करायला जीसीसी कुठला घ्यायचा

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही दिसेल. लॅपटॉपवर उबुंटू २४.०४, त्यात जीसीसी १३ (सी कोडपासून प्रोग्रॅम बनवणारा कंपायलर). बोर्ड ६४-बिट आर्मचा, व्हेंडरने दिलेला लिनक्स कर्नल ४.१९.६६. मेक चालवलं की दोन मिनिटांत डीटीसीच्या (बोर्डच्या हार्डवेअरचं वर्णन कंपाइल करणारा छोटा प्रोग्रॅम) जागी 'मल्टिपल डेफिनिशन ऑफ वायवायलॉक' अशी एरर येऊन बिल्ड थांबतो. एकाने सांगितलं जीसीसी ४.९ टाका, दुसऱ्याने सांगितलं कंपायलर नेहमी लेटेस्टच असावा. तुम्ही ४.९ ची जुनी टूलचेन (कंपायलर, असेंबलर, लिंकर असा संच) शोधून क्रॉस कंपायलर, म्हणजे लॅपटॉपवर बसून बोर्डसाठी कोड बनवणारा कंपायलर म्हणून लावलीत तरी एरर तीच्या तीच, आणि आता विचारताय की कर्नलसाठी 'बरोबर' व्हर्जन नेमकं कुठलं.

ह्यात दोन वेगळे प्रश्न एकात एक अडकलेत, ते आधी सोडवूया.

तुमची एरर क्रॉस कंपायलरची नाहीच. लॉगमध्ये त्या एररच्या वरची ओळ परत बघा, तिथे सुरुवातीला होस्ट-एलडी असं लिहिलेलं असेल आणि एररच्या ओळीत लिंकरचा पाथ यूएसआर-बिन मधला असेल, म्हणजे तुमच्या लॅपटॉपचा स्वतःचा लिंकर. कर्नल बिल्ड होताना दोन कंपायलर काम करत असतात हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. एक टार्गेटचा, जो बोर्डवर चालणारा कोड बनवतो. दुसरा होस्टचा, जो बिल्ड चालू असताना लॅपटॉपवरच चालवायला लागणारे छोटे छोटे प्रोग्रॅम बनवतो, म्हणजे डीटीसी, मॉडपोस्ट, फिक्सडेप, मेन्यूकॉन्फिगचा प्रोग्रॅम वगैरे. तुम्ही क्रॉस-कंपाइल व्हेरिएबलमध्ये ४.९ दिलंत त्याने फक्त पहिला बदलला. दुसरा जीसीसी १३ च राहिला आणि रडतोय तोच.

का रडतोय? सी मध्ये एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन फाइलींमध्ये एक्स्टर्न न लावता लिहिलं तर जुने जीसीसी ते गुपचूप एकत्र करून टाकायचे. मे २०२० मध्ये जीसीसी १० आला आणि त्यात एफ-नो-कॉमन हा पर्याय डीफॉल्ट झाला, म्हणजे आता असं व्हेरिएबल दोनदा दिसलं की लिंकर सरळ नाही म्हणतो. डीटीसीच्या लेक्सरच्या फाइलमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट्स/डीटीसी मधली डीटीसी-लेक्सर.एल, नेमकी अशी एक ओळ होती, वायवायलॉकची. पार्सरमध्येही तेच व्हेरिएबल आहे. मेनलाइनमध्ये, म्हणजे मूळ मुख्य कर्नलमध्ये, २०२० मध्येच ती ओळ काढून टाकली आणि नंतर जुन्या स्टेबल ब्रँचमध्येही (जुन्या व्हर्जनना फक्त दुरुस्त्या देणाऱ्या) ते गेलं, पण तुमचा ट्री, म्हणजे तुमच्याकडची कर्नल सोर्सची प्रत, ४.१९.६६ वर थांबलाय, म्हणजे ऑगस्ट २०१९ वर, त्यामुळे तुमच्यापर्यंत ते पोचलंच नाही. ती एक ओळ काढा, किंवा मेकला होस्टसीसी म्हणून जीसीसी-९ द्या (उबुंटू २४.०४ च्या रिपॉझिटरीत मिळतो, आणि ९ मध्ये जुनंच डीफॉल्ट आहे), एरर गेलीच समजा. मी स्वतः ओळ काढून तसा कमिट टाकते, कारण होस्टसीसीची आठवण पुढच्या माणसाला राहत नाही.

आता खरा प्रश्न, टार्गेटचा कंपायलर कुठला.

कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये चेंजेस नावाची एक फाइल असते, तिच्यात कंपायलरचं कमीत कमी व्हर्जन दिलेलं असतं. बरेच लोक तिथला आकडा बघून तोच टाकतात. ४.१९ मध्ये तो आकडा ४.६ आहे, आणि तोही त्याच रिलीजला ३.२ वरून वर आणला होता. आता गंमत बघा, जीसीसीमध्ये ६४-बिट आर्मचा सपोर्टच मुळात ४.८ मध्ये आला. म्हणजे तुमच्या बोर्डसाठी ४.६ हा कंपायलर अस्तित्वातच नाही. ती फाइल एवढंच सांगते की ह्याच्याखाली गेलात तर आम्ही बघणार नाही. ह्या व्हर्जनने कोणी रोज बिल्ड करून, बूट करून, लोड टाकून बघतंय असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. किमान आणि योग्य ह्यांत फार मोठं अंतर असतं आणि त्या अंतरातच सगळी दुखणी असतात.

मग मी काय बघते? माझ्या ट्रीमध्ये जो कर्नल आहे तो ज्या काळात हजारो लोकांच्या मशीनवर चालत होता, तेव्हा ते लोक कुठल्या कंपायलरने तो बिल्ड करत होते, तो कंपायलर घ्यायचा. बाकीचं सगळं ह्या एका गोष्टीतून निघतं. कर्नलचा कोड हा नुसता सी नाही, त्यात पानोपानी इनलाइन असेंब्ली आहे, लिंकर स्क्रिप्ट आहेत, 'हा लोड दोनदा करू नको, हा स्टोअर पुढे ढकलू नको' अशा कंपायलरला दिलेल्या सूचना आहेत, आणि सी स्टँडर्ड ज्याची हमी देत नाही पण त्यावेळचा जीसीसी जे करायचा अशा काही सवयींवरही तो नकळत टेकलेला असतो. नवीन जीसीसी आला की त्यातली एखादी सवय बदलते, मेनलाइनवाले ते शोधतात, दुरुस्त करतात, पुढे जातात. तुमचा ट्री २०१९ मध्ये गोठलेला आहे, त्याला पुढच्या दुरुस्त्या माहीत नाहीत. म्हणून कंपायलरही साधारण तिथलाच हवा.

हे शोधायची सोपी युक्ती म्हणजे डेबियन ही लिनक्स डिस्ट्रो बघणे. डेबियन १० जुलै २०१९ मध्ये आला, त्याचा कर्नल ४.१९ आणि त्याचा जीसीसी ८.३. तुमचाच कर्नल, आणि ही जोडी किती सर्व्हरवर वर्षानुवर्षं चालली असेल विचार करा. तसंच डेबियन ११ म्हणजे ५.१० आणि जीसीसी १०.२, डेबियन १२ म्हणजे ६.१ आणि १२.२, डेबियन १३ म्हणजे ६.१२ आणि १४.२. उबुंटूचंही तसंच, २०.०४ मध्ये ५.४ आणि जीसीसी ९, २२.०४ मध्ये ५.१५ आणि ११, तुमच्या २४.०४ मध्ये ६.८ आणि १३. कुठलाही जुना कर्नल हातात आला की मी पहिल्यांदा ह्या जोड्या आठवते.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर जीसीसी ८, आणि ८ मध्ये ८.५. जीसीसी ५ पासून नंबरांची पद्धत अशी आहे की कुठल्याही सिरीजचा .१ हा पहिला रिलीज असतो, नंतरचे .२, .३ हे फक्त बगफिक्स. ८.१ मे २०१८ चा, ८.५ मे २०२१ चा आणि त्या सिरीजचा शेवटचा. भाषा तीच, वागणं तेच, तीन वर्षांच्या चुका दुरुस्त झालेल्या. कर्नलसाठी .१ मी कधीच घेत नाही. ९.५ पण चालेल, ९ ची सुरुवात मे २०१९ ची आहे, म्हणजे तुमच्या ट्रीच्या आधीची. ७.५ सुद्धा चालावा. ह्या पट्ट्याच्या बाहेर जायला मला काहीतरी ठोस कारण लागेल.

आता ४.९ ला माझा एवढा विरोध का ते सांगते, कारण ही सूचना अजून सगळीकडे फिरते आणि ६४-बिट आर्मवर ती खरंच धोक्याची आहे. जीसीसी ५.१ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये ६४-बिट आर्मसाठी एक बग होता. फंक्शन संपताना स्टॅकची जागा सोडून द्यायची असते. हा कंपायलर कधी कधी स्टॅक पॉइंटर आधी वर सरकवायचा आणि मग सोडून दिलेल्या जागेतून एखादी व्हॅल्यू वाचायचा. दोन इन्स्ट्रक्शनचा उलटा क्रम, एवढंच. नेमका त्या दोघांच्या मधल्या क्षणी इंटरप्ट आला तर इंटरप्टचा कोड तीच जागा रिकामी समजून त्यावर आपलं लिहितो, आणि परत आल्यावर आपलं फंक्शन कचरा वाचतं. हे लाखात एकदा होणार. बिल्ड स्वच्छ, बूट स्वच्छ, टेस्ट पास. आर्म लिनक्सचे जुने मेंटेनर रसेल किंग ह्यांना हे दिसलं ते एक्स्ट४ फाइलसिस्टिमच्या आयनोड (फाइलची नोंद) चेकसमच्या एरर म्हणून. फाइलसिस्टिम बिघडल्यासारखी दिसते, माणूस डिस्कवर संशय घेतो, मग ड्रायव्हरवर, मग कॅशवर, कंपायलरचं नाव शेवटी येतं. जानेवारी २०२१ मध्ये ६४-बिट आर्मसाठी किमान व्हर्जन थेट ५.१ केलं गेलं ते ह्याच कारणाने, आणि त्याच वर्षी ५.१५ मध्ये बाकी सगळ्या आर्किटेक्चरसाठीही ५.१ झालं. तुमच्या ४.१९.६६ मध्ये हा चेक नाही, तो कर्नल ४.९ ने मुकाट बिल्ड होईल. म्हणून म्हणते की बिल्ड झाला ह्याला पुरावा मानू नका.

४.९ चा तेवढाच एक इतिहास नाही. २०१४ मध्ये ४.९.० ने एक्स८६ वर शेड्युलरचं लोड-बॅलन्स फंक्शन चुकीचं बनवलं होतं, स्टॅकची जागा घ्यायच्या आधीच तिच्यावर लिहित होता, ते लिनक्सचे निर्माते लिनस टोरवाल्ड्सनी असेंब्ली वाचून पकडलं. नंतरच्या ४.९.x मध्ये ते दुरुस्त झालं. मी .० आणि .१ बद्दल एवढी हट्टी आहे ती अशा गोष्टी वाचून.

बरं, मग लेटेस्ट का नको? ही माझ्या अंगावर आलेली गोष्ट आहे. २०२० च्या उन्हाळ्यात आम्ही एका कारखान्यातल्या मशीनसाठी एक्स८६ चा छोटा कंट्रोलर करत होतो, कर्नल ५.४ च्या सुरुवातीच्या पॅच लेव्हलचा. टीममधल्या एकाचा लॅपटॉप रोलिंग (सतत नवी पॅकेजं घेणाऱ्या) डिस्ट्रोवर होता. बुधवारी त्याने बनवलेली इमेज नीट चालली, सोमवारी त्याच कमिटवरून बनवलेली इमेज बूटलाच पडली. सिरियल कन्सोलवर ओळ होती की स्टॅक-प्रोटेक्टर, कर्नल स्टॅक इज करप्टेड इन स्टार्ट-सेकंडरी. सोर्समध्ये एका अक्षराचा फरक नाही. आम्ही रॅम बदलली, दुसरा बोर्ड लावला, पॉवर सप्लाय बदलला, एका कोअरवर बूट केलं तर चालतंय आणि दोनवर पडतंय म्हणून बायोसवर संशय घेतला. दोन दिवस गेले. शेवटी दोन्ही इमेजचे बूट लॉग शेजारी शेजारी ठेवले आणि पहिल्याच ओळीत उत्तर होतं: एकात जीसीसी ९, दुसऱ्यात जीसीसी १०. शनिवार-रविवारी त्याच्या लॅपटॉपने अपडेट घेतला होता.

कारण समजून घेण्यासारखं आहे. दुसरा कोअर सुरू होताना स्टार्ट-सेकंडरी हे फंक्शन चालतं. स्टॅक प्रोटेक्टर म्हणजे फंक्शनमध्ये शिरताना स्टॅकवर एक गुप्त आकडा ठेवायचा आणि बाहेर पडताना तो तोच आहे का बघायचा. हे फंक्शन मध्येच तो गुप्त आकडा नव्याने सेट करतं. तरी आधी काही बिघडत नव्हतं, कारण हे फंक्शन कधी परत येतच नाही, शेवटी आयडल लूपमध्ये जातं, म्हणजे बाहेर पडतानाचा चेक कधी व्हायचाच नाही. जीसीसी १० ने तो शेवटचा कॉल टेल-कॉल म्हणून ऑप्टिमाइझ केला, म्हणजे कॉल न करता सरळ उडी, आणि उडीच्या आधी शिस्तीत चेक केला. आकडा बदललेला, झालं, पॅनिक. कंपायलर चूक नव्हता, कर्नल 'इथे चेक होतच नाही' ह्या जुन्या सवयीवर टेकला होता. मेनलाइनमध्ये ते दुरुस्त करायलाही एका फटक्यात जमलं नाही, जो पॅच शेवटी राहिला त्याच्या नावातच 'थर्ड ट्राय' असं लिहिलंय. तज्ज्ञ मेंटेनरांना तीन प्रयत्न लागले, आपण व्हेंडरच्या गोठलेल्या ट्रीवर असं काही निस्तरत बसायची गरज नाही.

तुमच्या ट्रीवर जीसीसी १३ लावलात तर नक्की काय होईल हे तुमच्या कॉन्फिगवर आणि व्हेंडरच्या ड्रायव्हरवर अवलंबून आहे. वॉर्निंगचा पाऊस पडणार हे नक्की. ज्या डिरेक्टरीत वॉर्निंगलाच एरर मानतात तिथे बिल्ड थांबणार, आणि मग माणूस मेकफाइलमधून तो फ्लॅग काढत सुटतो, एक, दोन, पाच ठिकाणी, आणि त्या ढिगात एखादी खरी वॉर्निंगही गाडली जाते. माझी विनंती आहे, तसं करू नका. जुन्या ट्रीवर वॉर्निंग दाबायची वेळ आली म्हणजे कंपायलर जास्त नवा आहे.

आता ८.५ आणायचा कुठून. उबुंटू २४.०४ च्या रिपॉझिटरीत ८ मिळत नाही, ९ पासून पुढे मिळतात. दोन चांगले रस्ते आहेत. पहिला, कर्नल.ऑर्ग वरच पब/टूल्स/क्रॉसटूल मध्ये जीसीसीच्या प्रत्येक सिरीजचे तयार क्रॉस कंपायलर ठेवलेले आहेत, अर्न्ड बर्गमन हे कर्नल डेव्हलपर ते बनवतात. तुमच्या एक्स८६ होस्टसाठीचं, ८.५.० चं, एआर्च६४ वालं पॅकेज उतरवा, होममध्ये कुठेही उघडा, पाथ क्रॉस-कंपाइलमध्ये द्या. नावात नोलिबसी असतं ते विसरू नका: त्यात सी लायब्ररी नाही, कर्नल आणि बूटलोडर त्याने होतात पण साधा हॅलो वर्ल्ड होणार नाही. दरवर्षी कोणीतरी त्याने बिझीबॉक्स (छोट्या लिनक्स कमांडचा एकत्र प्रोग्रॅम) बनवायला जातं आणि टूलचेन खराब आहे म्हणून सांगतं. ती खराब नाही, तिचं काम वेगळं आहे. ह्या पॅकेजमध्ये असेंबलर आणि लिंकरही त्याचेच येतात, ते चांगलंय, कारण जुन्या कर्नलला फक्त जीसीसीच नडतो असं नाही. २०२१ च्या आसपासच्या बायनयुटिल्सने (असेंबलर-लिंकरच्या संचाने) न वापरलेले सेक्शन सिंबॉल लिहिणं बंद केलं तेव्हा एक्स८६ वर ऑब्जटूल (ऑब्जेक्ट फाइली तपासणारा कर्नलचा प्रोग्रॅम) अडखळला होता. जीसीसी जुना आणि असेंबलर अगदी नवा अशी खिचडी करू नका, एका काळातली जोडी ठेवा.

दुसरा रस्ता, आणि टीम असेल तर मी हाच घेते, डेबियन १० चा कंटेनर (लॅपटॉपच्या आतच चालणारी वेगळी, बंदिस्त सिस्टिम). त्यात होस्टचा जीसीसी ८.३ आणि क्रॉसचाही ८.३, त्यामुळे वायवायलॉकचा प्रश्नही आपोआप सुटतो. पॅकेज आता डेबियनच्या अर्काइव्ह सर्व्हरवर आहेत तेव्हा सोर्स लिस्टमध्ये पत्ता बदलावा लागेल. एकदा इमेज बनली की ती जपून ठेवा आणि सगळ्यांनी त्याच इमेजमध्ये बिल्ड करायचं, कोणाच्या लॅपटॉपवर काय आहे हा विषयच संपतो. वर सांगितलेल्या दोन दिवसांनंतर आमच्याकडे हा नियम झाला आणि तो आजही मोडलेला नाही.

एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून जरा थांबून सांगते. ४.१८ पासून कर्नलचं कॉन्फिग कंपायलरला विचारून ठरतं. कॉन्फिगची यंत्रणा तुमच्या कंपायलरला 'हा फ्लॅग येतो का' असं विचारते आणि नाही आला तर तो पर्यायच लपवते. म्हणजे तुम्ही कंपायलर बदलून ओल्डडेफकॉन्फिग (जुनं कॉन्फिग घेऊन नव्या पर्यायांना डीफॉल्ट देणारी मेकची कमांड) चालवलंत की डॉट-कॉन्फिग, म्हणजे निवडलेल्या पर्यायांची फाइल, न सांगता बदलू शकते. एखादा सुरक्षेचा पर्याय गळून पडतो, जीसीसी प्लगइनवाले पर्याय नाहीसे होतात, आणि स्क्रीनवर एक ओळही येत नाही. म्हणून कंपायलर बदलायच्या आधी डॉट-कॉन्फिगची कॉपी ठेवा, बदलल्यावर ओल्डडेफकॉन्फिग चालवा आणि डिफ घ्या. वीस-पंचवीस ओळींच्या आत असेल तर एकेक वाचा. व्हर्जन नंबरच्या ओळी सोडून बाकी जे काही बदललंय त्याचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत म्हणून पटकन सांगते. बोर्डवर अँड्रॉइड चालत असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा, तिथे जीसीसी नाही, क्लँग हा दुसरा कंपायलर वापरतात, आणि ट्रीमधल्या बिल्ड-कॉन्फिग फाइलमध्ये नेमका कुठला क्लँग त्याचा पाथ दिलेला असतो, तोच घ्यायचा. व्हेंडरने काही मॉड्यूल नुसते बायनरी म्हणून दिले असतील, सोर्स नाही, तर त्यांनी ज्या कंपायलरने ते बनवले त्याच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा. कुठल्या कंपायलरने बनवले ते मॉड्यूलच्या कॉमेंट सेक्शनमध्ये बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ऑब्जडंप किंवा रीडएल्फने दिसतं.

डिस्ट्रोच्या कर्नलवर बाहेरचा मॉड्यूल बनवणाऱ्यांनाही हेच लागू. उबुंटू २२.०४ वर नवीन एचडब्ल्यूई (नव्या हार्डवेअरसाठीचा) कर्नल आला तो जीसीसी १२ ने बनवलेला आणि सिस्टिमचा डीफॉल्ट ११, तेव्हा ग्राफिक्स ड्रायव्हरचा मॉड्यूल बनताना कितीतरी लोकांना 'एफ-ट्रिव्हियल-ऑटो-व्हार-इनिट हा फ्लॅग ओळखीचा नाही' अशी एरर आली. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये तो फ्लॅग चालू, कारण १२ ला तो कळतो, ११ ला कळत नाही. जीसीसी १२ टाकला की काम झालं. कर्नल ज्याने बनला त्यानेच मॉड्यूल.

आणि जर तुम्ही व्हेंडरचा नाही तर ताजा मेनलाइन बिल्ड करणार असाल तर उलट आहे, तुमच्या डिस्ट्रोचा चालू जीसीसी बिनधास्त वापरा, मेनलाइनवाले तोच वापरतात. तिथे फार जुना कंपायलर हीच अडचण होईल, ६.१६ पासून किमान व्हर्जन ८.१ आहे. फक्त अगदी कोरा कंपायलर आणि थोडा जुना कर्नल ही जोडी टाळा. जीसीसी १५ एप्रिल २०२५ मध्ये आला आणि त्यात सी चं डीफॉल्ट स्टँडर्ड सी२३ झालं, ज्यात बूल, ट्रू, फॉल्स हे कीवर्ड आहेत. कर्नल स्वतःचं स्टँडर्ड सांगतो, पण एक्स८६ च्या बूटच्या फोल्डरमध्ये वेगळे फ्लॅग असतात आणि तिथे ते सांगायचं राहिलं होतं, त्यामुळे जुने कर्नल 'फॉल्स हे नाव वापरता येत नाही' म्हणून पहिल्या मिनिटाला पडायला लागले. पुढे स्टेबलमध्ये दुरुस्त झालं. बिल्डलाच पडलं ते एका अर्थी बरं झालं, बूटला किंवा महिन्याने पडण्यापेक्षा.

एक्स८६ वर काम करणाऱ्यांसाठी अजून एक, तिथे कंपायलरचं व्हर्जन हा सुरक्षेचाही भाग आहे. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी समोर आली तेव्हा तिच्यावरच्या रेटपोलीन ह्या उपायासाठी कंपायलरचाच सपोर्ट लागत होता, त्यासाठीच तो जीसीसी ७.३ मध्ये घाईने आला. जुन्या कंपायलरने बनवलेला कर्नल चालायचा, पण सी कोडमधले इनडायरेक्ट कॉल उघडेच राहायचे.

एक सल्ला न विचारता देते: व्हेंडरच्या मागे लागून किंवा स्वतः मर्ज करून ४.१९ च्या शेवटच्या स्टेबलपर्यंत, म्हणजे ४.१९.३२५ पर्यंत जाता आलं तर जा. ती ब्रँच डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, पण .६६ आणि .३२५ ह्यांच्या मध्ये पाच वर्षांच्या दुरुस्त्या आहेत, कंपायलरच्या आणि सुरक्षेच्याही. पण मर्ज आणि कंपायलर बदल एकाच दिवशी करू नका. आधी आहे त्या ट्रीवर ८.५ लावून बोर्ड उभा करा, दोन-तीन दिवस त्यावर लोड टाका, ती इमेज जपून ठेवा. मग कंपायलरला हात न लावता मर्ज. काही बिघडलं तर दोघांपैकी कोणामुळे हे विचारावं लागत नाही.

आणि कधी खरंच कंपायलरवर संशय आलाच, तर अंदाज बांधत बसू नका. एकाच सोर्सचे, एकाच कॉन्फिगचे दोन बिल्ड करा, एक जुन्या कंपायलरने, एक नव्याने. मग चांगल्या बिल्डमध्ये एखाद्या डिरेक्टरीच्या ऑब्जेक्ट फाइली वाईट बिल्डमधल्या घालून लिंक करा आणि बूट करा. पडलं तर दोषी त्या डिरेक्टरीत. अर्धं, पाव, असं करत आठ-दहा बूटमध्ये एका फाइलीपर्यंत पोचता येतं, आणि मग त्या फाइलीची असेंब्ली शेजारी शेजारी ठेवून वाचता येते. कंटाळवाणं आहे पण खात्रीचं आहे. ऑप्टिमायझेशन शून्य करून बघतो असं कोणी सुचवेल, ते इथे चालत नाही, कर्नल त्या लेव्हलला बिल्डच होत नाही.

तर आज संध्याकाळी एवढं करा. डीटीसी-लेक्सर.एल मधली वायवायलॉकची ओळ काढा. ४.९ ची टूलचेन मशीनवरून काढून टाका, पाथमध्ये राहिली तर चुकून लागते. ८.५.० उतरवा, मेक एमआरप्रॉपर (ट्री पूर्ण साफ करणारी कमांड) चालवण्याआधी तुमचं डॉट-कॉन्फिग बाहेर कॉपी करा, कारण ते त्यात पुसलं जातं. ते परत आणून ओल्डडेफकॉन्फिग, डिफ, मग बिल्ड. बूट झालं की प्रॉक/व्हर्जन वाचा, त्यात कर्नलच्या नंबरानंतर जीसीसी ८.५.० असं स्पष्ट लिहिलेलं दिसलं पाहिजे. दुसरं काही दिसलं तर बोर्डवर अजून जुनीच इमेज आहे. आणि ओल्डडेफकॉन्फिगनंतरच्या डिफमध्ये न कळणारं काही निघालं तर त्या ओळी इथे टाका, मी बघते.